बेसबॉल प्लेऑफ मालिकेचा अंदाज: आधी आकडा, मग मत

सप्टेंबर संपत आला की आमच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या (एमएलबी) प्लेऑफचं ब्रॅकेट, म्हणजे कुठली मालिका कोण जिंकेल याचा तक्ता, भरायची गडबड सुरू होते. निम्मे जण न्यू जर्सीत आणि बे एरियात, उरलेले पुण्यात पहाटे साडेपाचच्या सामन्यासाठी गजर लावणारे. पैसे कुणी लावत नाही, शेवटचा येईल त्यानं दिवाळीचा फराळ पाठवायचा, एवढंच. ग्रुपचा हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे कोण कुठे चुकतं हे मला चांगलं माहीत आहे. संघ निवडताना फारसं कुणी चुकत नाही. चुकतो तो क्रम. आधी मन ठरतं, मग त्याला शोभतील असे आकडे शोधले जातात. खालच्या पायऱ्या याच क्रमानं करा. एका मालिकेला पाऊण तास पुरतो.

बेसबॉलचे नियम माहीत आहेत असं धरून चाललो आहे.

तयारी: काय हाताशी हवं

एक कोरी गूगल शीट घ्या. दोन्ही संघांनी नियमित हंगामात काढलेल्या आणि दिलेल्या एकूण रन्स, प्रत्येक स्टार्टिंग पिचरचा एफआयपी, सध्याची दुखापतींची यादी आणि मालिकेचं वेळापत्रक भरून ठेवा. हे सगळं बेसबॉल-रेफरन्स, फॅनग्राफ्स आणि एमएलबीच्या साइटवर फुकट मिळतं.

एफआयपी हा आकडा फक्त स्ट्राइकआउट, वॉक, बॅटरला लागलेले चेंडू आणि होमरन यांवरून काढतात, म्हणजे क्षेत्ररक्षण आणि नशीब त्यातून बरंचसं वजा होतं. तो ईआरएच्याच, म्हणजे पिचरच्या नेहमीच्या सरासरीच्याच, मापात असतो, म्हणून दर नऊ इनिंगला किती रन्स असाच वाचायचा.

पंडितांचे अंदाज आणि पॉडकास्ट आत्ता उघडू नका. त्यांची वेळ सातव्या पायरीवर येईल.

पायरी १: मालिकेचा साचा लिहून काढा

२०२२ पासून एमएलबीच्या दोन लीगपैकी प्रत्येकीतून सहा संघ प्लेऑफमध्ये येतात. पहिल्या दोन मानांकित संघांना पहिली फेरी माफ. ही पहिली, म्हणजे वाइल्ड कार्ड फेरी तीन सामन्यांची, आणि तिचे सगळे सामने वरच्या मानांकनाच्या घरी. डिव्हिजन सीरिज पाचची, मैदानं २-२-१ (वरच्या मानांकनाच्या घरी दोन, बाहेर दोन, पुन्हा घरी एक). लीग चॅम्पियनशिप आणि वर्ल्ड सीरिज सातची, मैदानं २-३-२. वर्ल्ड सीरिजमध्ये ज्याची हंगामातली जय-पराजयाची कामगिरी चांगली, त्याला घरचे जास्तीचे सामने. ब्रॅकेट पक्कं असतं, फेरीनंतर मानांकनं पुन्हा लावत नाहीत.

हे सगळं मुद्दाम लिहायला सांगतो, कारण मालिका लांबते तसा बलवान संघाचा फायदा वाढतो, पण लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी. एका सामन्यात ५५ टक्के शक्यता असलेला संघ तीनची मालिका ५७ टक्के वेळा जिंकतो, पाचची ५९ आणि सातची ६१. सामन्याला ६० टक्के असतील तर हेच आकडे ६५, ६८ आणि ७१ होतात. प्लेऑफमधल्या दोन संघांत सामन्याला ६० टक्के हा मोठा फरक झाला. तुमच्या मनात ८५ टक्के येत असतील, तर ते क्रिकेट बघून आलेत. क्रिकेटमध्ये एक सलामीवीर सगळी षटकं खेळू शकतो. इथे सर्वोत्तम बॅटरचीही पाळी नऊ जणांत एकदाच येते, सामन्याला चार-पाच वेळा.

पुरावा हवा असेल तर २०२२ पाहा. १११ सामने जिंकलेले डॉजर्स ८९ जिंकलेल्या पाद्रेसकडून ३-१ हरले. २०२३ मध्ये १०० विजयांच्या डॉजर्सना ८४ विजयांच्या ॲरिझोना डायमंडबॅक्सनी ३-० नं घरी पाठवलं, आणि ॲरिझोना थेट वर्ल्ड सीरिजपर्यंत पोचला.

तपासणी: प्रत्येक सामन्यापुढे मैदान आणि वार लिहिलंत? विश्रांतीचे दिवस रंगवलेत? ते चौथ्या पायरीला लागतील.

पायरी २: संघाची खरी ताकद काढा

विजय-पराभवापेक्षा रन्स जास्त खरं सांगतात. एका रननं जिंकलेल्या सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. म्हणून हे सूत्र वापरा:

काढलेल्या रन्सचा वर्ग ÷ (काढलेल्या रन्सचा वर्ग + दिलेल्या रन्सचा वर्ग)

समजा संघ 'अ'नं ८०० काढल्या आणि ६८० दिल्या. उत्तर ०.५८१. संघ 'ब'नं ७२० काढल्या, ६५० दिल्या. उत्तर ०.५५१. काही ठिकाणी वर्गाऐवजी १.८३ हा घातांक वापरतात. आपल्या कामाला वर्ग पुरतो.

आता जी पायरी सगळे गाळतात ती: हा आकडा सरासरीकडे ओढा. १६२ सामनेसुद्धा संघाची खरी कुवत पूर्ण दाखवत नाहीत. सोपा ठोकताळा असा, की प्रत्येक संघाच्या खात्यात निम्मे जिंकलेले, निम्मे हरलेले असे आणखी ७० सामने मिसळा. म्हणजे ०.५०० पासूनचा फरक साधारण ०.७ नं गुणा. 'अ' ०.५५६ वर येतो, 'ब' ०.५३६ वर.

सावधान: शेवटच्या पंधरा दिवसांचा फॉर्म इथे घालू नका. जागा पक्की झालेला संघ त्या काळात मुख्य खेळाडूंना बसवतो आणि नवख्यांना खेळवतो. त्या पराभवांवरून ऑक्टोबर वाचता येत नाही.

पायरी ३: दोघांना समोरासमोर उभं करा

दोन्ही संघ सरासरीपेक्षा बरे आहेत, तेव्हा ०.५५६ म्हणजे 'ब'विरुद्ध ५५.६ टक्के, असं होत नाही. यासाठी बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचं लॉग-५ सूत्र आहे:

अ × (१ − ब) ÷ [अ × (१ − ब) + ब × (१ − अ)]

आपल्या उदाहरणात उत्तर ०.५२ येतं. तटस्थ मैदानावर 'अ' शंभरातले ५२ सामने जिंकेल. एवढं करून फक्त दोन टक्के, म्हणून पहिल्यांदा निराशा होते. पण हीच या खेळाची खरी चण आहे.

मग मैदान. एमएलबीत घरचा संघ साधारण शंभरातले ५३ ते ५४ सामने जिंकतो. म्हणून घरी साडेतीन टक्के वाढवा, बाहेर तेवढेच कमी करा. 'अ' घरी ५५.५, बाहेर ४८.५. प्लेऑफचा जल्लोष म्हणून घरच्या संघाला दहा टक्के देणारे आमच्या ग्रुपवर आहेत. २०१९ च्या वर्ल्ड सीरिजचे सातही सामने पाहुण्या संघानं जिंकले होते, आणि २०२३ मध्ये टेक्सास रेंजर्सनी बाहेरचे अकराच्या अकरा जिंकून करंडक नेला. दोन्ही विचित्र वर्षं आहेत, त्यावरून उलटा नियमही काढू नका.

आता सर्वांत लाडकी चूक, दोघांचे आपसातले हंगामातले निकाल. २०२५ च्या हंगामात मिलवॉकी ब्रूअर्सनी डॉजर्सना सहापैकी सहा सामन्यांत हरवलं. लीग चॅम्पियनशिपमध्ये तेच दोघे भेटले आणि डॉजर्स ४-० नं जिंकले. सहा सामने म्हणजे काहीच नाही. त्यातले पिचर वेगळे, महिना वेगळा. तक्त्यात त्यासाठी रकानाच ठेवू नका.

पायरी ४: ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष चेंडू कोण टाकणार?

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. दुसऱ्या पायरीतला आकडा एप्रिल ते सप्टेंबरच्या संघाचा आहे. मालिका खेळणारा संघ तोच असतो असं नाही.

२०२५ चेच डॉजर्स घ्या. ९३ विजय, ब्रूअर्सपेक्षा चार कमी. पण ब्लेक स्नेल आणि टायलर ग्लासनाऊ यांचे हंगामातले कित्येक महिने दुखापतीत गेले होते, आणि शोहेई ओतानीनं पिचिंग पुन्हा सुरू केलं ते जूनमध्ये. ऑक्टोबरमध्ये हे तिघे आणि योशिनोबू यामामोटो, चौघेही तंदुरुस्त होते. ९३ हा आकडा त्या संघाचा नव्हताच. उलट बाजूला फिलाडेल्फिया फिलीज: ९६ विजय, पण त्यांचा पहिल्या क्रमांकाचा पिचर झॅक व्हीलर ऑगस्टमध्ये रक्ताच्या गुठळीमुळे बाहेर गेला. त्या दोघांची मालिका डॉजर्सनी ३-१ जिंकली.

काम असं करा. आधी प्रत्येक सामन्यापुढे संभाव्य स्टार्टर लिहा. सातच्या मालिकेत दुसऱ्या-तिसऱ्या आणि पाचव्या-सहाव्या सामन्यांमध्ये एकेक सुट्टी असते. पहिल्या सामन्याचा पिचर पाचव्याला नेहमीच्या चार दिवसांच्या विश्रांतीनं येतो, दुसऱ्याचा सहाव्याला, तिसऱ्याचा सातव्याला. म्हणजे संघाला चौथा स्टार्टर एकदाच लागतो. हंगामात पाच पिचरांची फेरी चालते, तिथला पाचवा गडी संघाची सरासरी खाली ओढत असतो. प्लेऑफमध्ये तो बहुतेक बसतो किंवा बुलपेनमध्ये, म्हणजे मधूनच टाकायला येणाऱ्या पिचरांत, जातो. ज्या संघाचे पहिले तीन फार चांगले आणि बाकीचे सुमार, त्याचा इथे फायदा होतो.

वाइल्ड कार्ड खेळून आलेल्या संघाचं गणित वेगळं. त्यांनी मंगळवारी वापरलेला मुख्य पिचर शनिवारी डिव्हिजन सीरिजच्या पहिल्या सामन्याला तीनच दिवसांच्या विश्रांतीवर असतो, म्हणजे बहुधा नसतोच. विश्रांती घेतलेल्या संघाचे बॅटर थंड पडतात, असा वाद दर ऑक्टोबरला रंगतो. मी त्याला शून्य गुण देतो. पिचरांची रांग डोळ्यांना दिसते, बॅटरांचा गंज दिसत नाही.

मग फरकाचे टक्के करा. ठोकताळा: एका सामन्यात एका रनचा फायदा म्हणजे सुमारे दहा टक्के. तुमचा पहिला पिचर स्वतःच्या संघाच्या सरासरी स्टार्टरपेक्षा दर नऊ इनिंगला ०.९ रननं चांगला आहे आणि पाच इनिंग टाकेल असं धरा. फायदा अर्ध्या रनचा, म्हणजे पाच टक्के. समोरचा पहिला पिचर त्यांच्या सरासरीपेक्षा ०.४५ नं चांगला, म्हणजे अडीच टक्के. निव्वळ फायदा अडीच.

सावधान: तुलना स्वतःच्या संघाच्या सरासरीशीच करा, लीगच्या सरासरीशी नको. संघाच्या ताकदीत त्या पिचरचं योगदान आधीच मोजलेलं आहे. लीगशी तुलना केलीत तर एकाच माणसाला दोनदा गुण मिळतील. ग्रुपमधल्या जाणत्यांचीही ही चूक होते.

आणि पाच इनिंगच का? कारण प्लेऑफमध्ये मॅनेजर स्टार्टरला लवकर काढतात. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की पिचर मार खातो. २०२० च्या वर्ल्ड सीरिजच्या सहाव्या सामन्यात टॅम्पा बेचे केविन कॅश यांनी ७३ चेंडूंनंतर ब्लेक स्नेलला काढलं. त्यावर आजही भांडणं होतात, पण चाल तीच चालते. म्हणून बुलपेनमधल्या पहिल्या चार जणांचे आकडे पाहा, आठांचे नको. ठरलेला स्टार्टर नाही म्हणून सामना सोडूनही देऊ नका. २०२४ मध्ये डॉजर्सनी पाद्रेसविरुद्धचा चौथा सामना सगळा बुलपेनवर खेळून ८-० नं जिंकला होता.

बॅटरांसाठी फार वेळ घालवू नका. मुख्य खेळाडू बाहेर असेल तर त्याच्या जागी येणाऱ्याशी तुलना करून सामन्याला एखाद-दीड टक्का कमी करा. आणि मालिका सुरू होण्याच्या दिवशी २६ जणांची अंतिम यादी जाहीर होते, ती पाहिल्याशिवाय आकडा गोठवू नका. मालिकेच्या मध्यावर दुखापतीमुळे बदललेला खेळाडू पुढच्या मालिकेतही खेळू शकत नाही, तेव्हा पुढच्या फेरीसाठी ही नोंद ठेवा.

पायरी ५: सामन्यागणिक रकाने भरा

आपल्या 'अ' आणि 'ब' यांची पाचची मालिका, 'अ'ला घरचा फायदा:

पहिला सामना: ५५.५, पिचरचे अधिक २.५, एकूण ५८
दुसरा: ५५.५ उणे १.५, एकूण ५४
तिसरा (बाहेर): ४८.५ उणे १.५, एकूण ४७
चौथा (बाहेर): ४८.५ अधिक ०.५, एकूण ४९
पाचवा: ५५.५ अधिक ०.५, एकूण ५६

पाचव्याला इतकी कमी भर का? निर्णायक सामन्यात मॅनेजर सगळेच पिचर तयार ठेवतो, मग स्टार्टरचं नाव फारसं उरत नाही. २०२५ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये यामामोटो सहाव्या सामन्याचा स्टार्टर होता, ९६ चेंडू टाकले. दुसऱ्या दिवशी सातव्या सामन्यात तो पुन्हा आला आणि शेवटच्या पावणेतीन इनिंग त्यानंच सांभाळल्या. असलं कुठल्याही तक्त्यात बसत नाही, म्हणून निर्णायक सामन्याचा आकडा मैदानाच्या फायद्याजवळच ठेवा.

तपासणी: एखादा सामना ६५ च्या वर किंवा ३५ च्या खाली गेलाय? मग बहुधा एकच गोष्ट दोनदा मोजली गेली आहे. चौथ्या पायरीवर परत जा.

पायरी ६: सामन्यांवरून मालिका

शीटमध्ये प्रत्येक स्थितीची शक्यता पुढे सरकवायची. पहिल्या सामन्यानंतर 'अ' १-० असण्याची शक्यता ५८, ०-१ असण्याची ४२. दुसऱ्यानंतर २-० म्हणजे ०.५८ × ०.५४, सुमारे ३१ टक्के. १-१ दोन वाटांनी येतं, दोन्ही मिळवा, ४९ टक्के. ०-२ उरलेले १९. (पूर्णांकात केल्यामुळे एखादा टक्का कमी दिसेल. शीटमध्ये दशांश राहू द्या.) असंच पाचव्यापर्यंत.

आपल्या उदाहरणात 'अ' तीनमध्ये जिंकण्याची शक्यता १४.७ टक्के, चारमध्ये १९.५, पाचमध्ये २१. बेरीज ५५.३ टक्के.

गंमत म्हणजे पाचही सामन्यांची सरासरी ५२.८ घेऊन सगळीकडे तीच वापरली असती, तर उत्तर ५५.२ आलं असतं. म्हणजे पिचरांच्या क्रमावर रात्र जाळण्यात अर्थ नाही. कोण दोनदा टाकणार आणि कोण अजिबात नाही, एवढं कळलं की झालं.

किती सामन्यांत, हेही विचारलं असेल तर एक सापळा आहे. सामन्याला ५५ टक्क्यांचा संघ सातच्या मालिकेत चारमध्ये जिंकण्याची शक्यता ९ टक्के, पाचमध्ये १६, सहामध्ये १९, सातमध्ये १७. 'स्वीप करणार' (एकही सामना न हरता जिंकणार) लिहिताना जोर वाटतो, पण ते सर्वांत कमी संभवनीय उत्तर असतं. माझ्या वहीत माझेच तीन 'स्वीप' आहेत, तिन्ही फसलेले.

पायरी ७: आता बाजाराकडे बघा

अमेरिकेतले सट्ट्याचे भाव हा फुकटचा तपासनीस आहे. भाव −१५० (१०० कमवायला १५० लावायचे) असेल तर १५० ÷ २५० म्हणजे ६० टक्के. समोरचा +१३० (१०० लावून १३० कमवायचे) असेल तर १०० ÷ २३० म्हणजे ४३.५. बेरीज १०३.५ होते. वरचे साडेतीन म्हणजे सट्टेवाल्याचं कमिशन, म्हणून दोन्ही आकड्यांना १.०३५ नं भागा. पहिला खरा ५८.

तुमचा आकडा बाजारापासून पाचपेक्षा जास्त टक्के दूर असेल, तर बहुतेक वेळा दुखापतीची एखादी बातमी तुमच्या नजरेतून सुटलेली असते. ती शोधा. सापडली नाही तर दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबा. हा उपयोग ताडून पाहण्यापुरताच. भारतात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्यानं बंद आहेत, तेव्हा अमेरिकेतल्या चुलतभावाच्या खात्याचा विचारही नको.

पायरी ८: पूर्ण ब्रॅकेट भरायचं असेल तर

पहिली फेरी माफ असलेल्या संघालाही तीन मालिका जिंकायच्या असतात. प्रत्येक ६० टक्के धरली तरी ०.६ × ०.६ × ०.६ म्हणजे २१.६ टक्के. वर्षातल्या सर्वांत भारी संघाबद्दल 'करंडक नक्की' म्हणताना हा आकडा समोर ठेवा.

ग्रुपमध्ये वीस जण असतील आणि बारा जणांनी एकच विजेता लिहिला असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा दावेदार लिहिणं शहाणपणाचं. तो जिंकला तर वाटेकरी कमी. अंदाज आणि स्पर्धा जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शीटवर खरा आकडा ठेवा, ब्रॅकेटवर डावपेच खेळा.

पायरी ९: मालिका सुरू झाल्यावर

पहिला सामना झाला की ग्रुपवर मतं उलटीपालटी होतात. तुम्ही फक्त सहाव्या पायरीतली स्थिती पुढे न्या. 'अ' पहिला सामना हरला तर त्याचे ५५ वरून ३३ टक्के होतात, जिंकला तर ७१. उरलेल्या सामन्यांचे आकडे तेच राहतात. ते बदलायचे फक्त तीन कारणांनी: दुखापत, ठरलेला पिचर बदलणं, किंवा बुलपेन पार पिळून निघणं. २०२५ च्या वर्ल्ड सीरिजचा तिसरा सामना १८ इनिंग चालला, पुण्यातल्या मंडळींची दुपार झाली. प्लेऑफमध्ये जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर फुकटचा रनर देत नाहीत, म्हणून सामने असे लांबू शकतात. अशा रात्रीनंतर दोन्ही बुलपेनचे रकाने नव्यानं भरा.

०-२ म्हणजे संपलं असंही नाही. त्याच वर्षी टोरोंटो ब्लू जेज सिॲटलविरुद्धचे पहिले दोन्ही सामने स्वतःच्या घरी हरले आणि मालिका ४-३ जिंकले. ०-३ वरून मात्र सातची मालिका जिंकणारा एमएलबीत एकच संघ झाला, २००४ चा बॉस्टन रेड सॉक्स.

मालिका संपल्यावर गुण द्या. दिलेली शक्यता आणि निकाल (जिंकला १, हरला ०) यांतल्या फरकाचा वर्ग करायचा. ६० टक्के म्हणालात आणि तो जिंकला तर ०.१६, हरला तर ०.३६. डोळे मिटून ५० म्हणणाऱ्याला नेहमी ०.२५. जितका कमी तितका चांगला. ९० टक्के म्हणून हरलात तर एका फटक्यात ०.८१ चढतात, आणि आमच्याकडे फराळ पाठवायची पाळी बहुतेक अशाच माणसावर येते.

वर्षाला एकूण अकरा मालिका होतात. एका ऑक्टोबरमध्ये अकरापैकी आठ बरोबर आल्या म्हणून शीटचं सूत्र बदलू नका, चारच आल्या म्हणूनही नको. जुने रकाने न पुसता पुढच्या वर्षीचे त्याच शीटमध्ये खाली जोडा.